बदकांच्या खाली

बदकं नाहीशी झाली. संगणकावर घरची फिल्म जोडताना तिला खरं तर गाणं बंद करायचं होतं. पट्टीच्या डाव्या टोकाला एक बारीकसा कर्णा असतो, तो दाबला की आवाज जातो. त्याच्याच वरच्या पट्टीला एक डोळा असतो, तो दाबला की चित्र जातं. तिचा माउस जरासा वर सरकला आणि कर्ण्याऐवजी डोळा मिटला. एवढंच झालं. घरात गेली कित्येक वर्षं या ठिकाणी बिनचूक येणारी बदकं, तीन पांढरी आणि मागे रेंगाळणारं एक तपकिरी, आली नाहीत आणि त्यांच्या जागी ती स्वतःच आली. तळ्याकाठच्या फरशीवर, पिवळ्या शर्टात, हसत. शेजारी तिच्या हाताला धरून गोटू. तिला आधी गंमतच वाटली. आपण केवढ्या बारीक होतो, असा पहिला विचार तिच्या मनात आला, आणि पुढे कितीतरी वेळ त्या विचाराचीच तिला लाज वाटत राहिली.

गोटू म्हणजे तिचा मुलगा. नाव गोटू आणि आता दारातून आत येताना मान वाकवतो. सोमवारी तो नोकरीसाठी समुद्रापलीकडे चालला होता. रविवारी निरोपाला माणसं जमणार होती, आणि माणसं जमली की फिल्म दाखवायची ही त्या घराची जुनी खोड. खोड नवऱ्याची. जेवायला बसा, कॅमेरा. गाडीत बसा, कॅमेरा. कुणी आजारी पडून बरं झालं तरी कॅमेरा. कॅमेऱ्यामागून तो एकच म्हणायचा, ‘हात करा’, आणि सगळे हात हलवायचे. त्यामुळे या घराच्या फिल्ममध्ये कुणी नुसतं उभं असलेलं शोधून सापडायचं नाही. जो तो हात हलवतोय, जणू सगळं खानदान कुठल्यातरी बोटीवर चढून कायमचं निघालंय. एरवी जोडाजोडीचं काम नवऱ्याचंच, त्यात दुसऱ्या कुणी नाक खुपसायचं नाही. पण आठवड्यापूर्वी त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पडद्याकडे बघायची बंदी केली, आणि काळा चष्मा लावून तो पलीकडच्या खोलीत पलंगावर पडून राहिला. मग तिने सुट्टी काढली. “मी सांगतो, तू कर,” तो आतून म्हणाला, “त्यात काही डोंबल नाही. पट्ट्या असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. चादरी घातल्यासारखे एकावर एक. वरची दिसते, खालची झाकली जाते. वरची छोटी ठेवलीस तर खालची कडेने दिसेल, वरची मिटलीस तर खालची सगळी दिसेल. गाण्याची पट्टी वेगळी, बोलण्याची वेगळी. कळलं?” तिला कळलं होतं. तळ्याकाठच्या सहलीपाशी आल्यावर मात्र त्याने घसा साफ करून सांगितलं होतं, “ती आहे तशी उचल. आत शिरू नकोस, उगाच सगळं विस्कटेल.” तीही तशीच उचलणार होती. पण सकाळी बाहेर जाताना गोटू म्हणाला, “आई, तेवढं गाणं बदल गं. कान किटले. बदकं ठेव, बदकांशिवाय आपली फिल्म नाही,” आणि गाणं बदलायचं तर आत शिरणं भाग होतं.

बदकं हा घरातला जुना विनोद होता. सगळे तळ्याकडे चाललेत, पिशव्या, टोप्या, हातवारे, आणि एकदम बदकं. चांगली लांबलचक बदकं, वर गाणं, आणि गाणं संपलं की एकदम गाडीची डिकी, त्यावर वाळत टाकलेला टॉवेल. जमलेली पोरंटोरं आधीपासून दबा धरून बसायची आणि ‘आली, आली’ म्हणून ओरडायची. मधलं कुणी विचारत नसे, कारण मधलं सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी गोटू पाण्यात पडला होता. छोटीने त्याचा हात सोडला, तो पडला, आणि गोटूच्या आईने, म्हणजे तिने स्वतः, चपलांसकट उडी मारून त्याला बाहेर काढलं. छोटी म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, गोटूची आत्या. नवरा कॅमेरा गवतात फेकून धावला होता, पण तो पोचेपर्यंत काम झालं होतं. ही हकिगत तो चारचौघांत रंगवून सांगायचा, “मी बघतोय तर ही कंबरभर पाण्यात, आणि पोरगं हिच्या खांद्यावर,” आणि ती “पुरे हो” म्हणायची. तोंडाने पुरे म्हणायची. मनातून तिला वाटायचं, सांगू दे अजून थोडं.

आता पडद्यावर ती उभी होती आणि गोटूचा हात तिच्या हातात होता. तिच्या. छोटी पुढे चालली होती, पाठमोरी, दोन्ही हातांत पिशव्या. दोन्ही हातांत. मग फिल्ममधल्या तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, हसली आणि हात केला. ज्या हातात गोटू होता तोच हात. तो वर गेला, आणि गोटू चित्राच्या खालच्या कडेतून नाहीसा झाला. टेबलावरून चमचा घरंगळावा तसा, काही गाजावाजा न करता. खालच्या पट्टीचा आवाज मुळातच बंद होता, वर नुसतं गाणं चाललं होतं. फिल्ममधली ती पाण्याकडे बघत होती. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ओठ मिटायचे राहून गेले होते, आणि हात वरच होता. छोटी वळली, पिशव्या टाकल्या, फळं फरशीवर घरंगळत गेली, छोटी पाण्यात. छोटी छातीभर पाण्यात, पुन्हा आत, पुन्हा वर. हात वरच. छोटीने पोरगं वर काढून खांद्यावर टाकलं, काठाला धरून ती धापा टाकत उभी राहिली, आणि पिवळ्या शर्टातली बाई फरशीवर हात वर करून तशीच उभी.

तिने मागे जाऊन पुन्हा बघितलं. मग पुन्हा. दुसऱ्या कुणाचा हात असेल, कोन वेगळा असेल, चित्र उलटं झालं असेल, आरशात होतं तसं. शर्टाची बटणं कुठल्या बाजूला आहेत तेसुद्धा तिने बघितलं. बरोबर बाजूला होती. पण पाण्यातले आपले पाय तर आठवत होते की तिला. थंडगार पाणी, पँटचं जड होत गेलेलं कापड, घोट्याला गुंडाळलेलं शेवाळ, पोटरीला लागलेला दगड. तो दगड ती आजही बोट ठेवून दाखवू शकली असती. तिने खरोखरच पँट वर करून पोटरी बघितली. पोटरीला काही नव्हतं, पण मग तिथे कधी काही होतं असंही तिला कुणी दाखवलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांकडे ती लोकांचं ऐकणं तपासते. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, कानाला हेडफोन लावायचा, आणि बाहेरून बारीक बारीक सूर सोडायचे. ऐकू आला की हात वर करा, असं ती प्रत्येकाला सांगते. काहीजण सूर सोडलेला नसतानाही हात वर करतात. नव्या मुली हसतात, म्हणतात, बाई, खोटं बोलतायत. ती त्यांना समजावते की खोटं नाही, त्यांना खरंच ऐकू येतं, वाट बघून बघून कानात सूर तयार होतो. ही गोष्ट ती इतक्या थंडपणे समजावत आली होती.

आणि मग तिला प्लॅस्टिक आठवलं. परतताना गाडीची सीट भिजू नये म्हणून नवऱ्याने मागच्या सीटवर मोठी पिशवी फाडून अंथरली होती. छोटीखाली. छोटी मागे त्या पिशवीवर बसली होती, हलली की पिशवी वाजायची, केसांतून पाणी गळत होतं. ती स्वतः पुढे बसली होती, नवऱ्याशेजारी, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला गोटू, आणि तिच्या सीटवर काहीही अंथरलेलं नव्हतं. हे ती कधी विसरलीच नव्हती. पिशवीचा तो चुरचुर आवाज तिच्या डोक्यात इतकी वर्षं पडून होता, फक्त तिने त्याला कधी विचारलं नव्हतं की बाबा, तू कुणाच्या खाली वाजत होतास. भिजलेलं माणूस कोण हे पिशवीला ठाऊक होतं.

तिने गाणं बंद केलं आणि खालच्या पट्टीचा कर्णा उघडला. आधी वारा आला, मग नवऱ्याचा आवाज, जवळून, लाडात, “अगं इकडे बघ, हात कर की.” मग पाण्यात काहीतरी पडल्याचा अगदी साधा आवाज. मग पिशव्या, पुन्हा पाणी, आणि छोटीचा आवाज, धाप लागलेला, “धरलाय. धरलाय मी. वहिनी, तू तिथेच थांब, धरलाय मी त्याला.” पलीकडच्या खोलीत नवरा गुणगुणत होता ते थांबलं. पलंग करकरला.

“अगं, काय लावलंस?”

आवाज पुन्हा सुरुवातीपासून लागला होता, तिच्याच बोटाने, तिला न विचारता. इकडे बघ, हात कर की.

“बंद कर ते,” तो म्हणाला. जोरात नाही म्हणाला.

ती उठून त्याच्या दारात गेली. तो पलंगावर उठून बसला होता, काळा चष्मा, विस्कटलेले केस, हात मांडीवर. तिला एक गोष्ट भयंकर हवी होती आणि ती तिने विचारली. “कॅमेरा स्टँडवर होता ना?”

“कधी?”

“तेव्हा. तुम्ही तर गवतात फेकून धावला होतात. पण चित्र हललेलं नाही. स्टँडवर असेल. ठेवून धावला असाल.”

“हो,” तो म्हणाला. “स्टँडवरच होता.”

तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. निदान एक माणूस तरी धावला. ती परत टेबलाशी आली आणि मघाशी जिथे थांबली होती तिथून पुढे बघू लागली, नवरा आता कुठल्याही क्षणी डावीकडून चित्रात शिरेल म्हणून. छोटी पोराला घेऊन काठावर चढली. पोरगं खोकलं, रडलं. कुणीच डावीकडून आलं नाही. मग चित्र हळूहळू खाली कललं, फरशी, गवत, गवतात दोन बूट. त्याचे तपकिरी बूट, एक नाडी सुटलेली. बूट कोरडे होते आणि जागेवर होते. वरून श्वासाचा आवाज येत होता, जिने चढून आलेल्या माणसाचा येतो तसा, आणि माणूस तर एक पाऊलही चालला नव्हता. तेवढा वेळ बूट, श्वास, आणि मग पट्टी संपली.

तिला वाटलं होतं, बदकं त्याने तिच्यासाठी घातली. मघापासून एवढ्या घसरणीत तेवढंच एक धरायला होतं, की माझी अब्रू झाकायला या माणसाने एवढा उपद्व्याप केला. आता कोण कुणाला झाकत होतं हेच कळेना. दोघं दोन टोकांना थिजून उभे, एक हात वर करून, एक डोळ्याला कॅमेरा लावून, आणि मध्ये ती पोरगी पाण्यात. अन् घरी येईतो सगळं पाप त्या पोरीच्या गळ्यात बांधून मोकळे. तिने पुन्हा दारात जायच्या आधीच तो बोलायला लागला होता, भिंतीकडे तोंड करून.

“गाडीत तूच विचारलंस, हात कुणाकडे होता. तुझे दात वाजत होते. ऊन होतं आणि दात वाजत होते. तुझ्याकडे होता म्हणून सांगितलं असतं तर तू वेडी झाली असतीस. मी म्हटलं, छोटीकडे होता.”

“आणि छोटी?”

“ती म्हणाली, असेल.”

असेल. गाडीच्या आरशात छोटीचे डोळे भावाच्या मानेवर होते, हेही तिला आठवलं. आणि स्वतःचं पुढचं बोलणं तर तिला पाठच होतं. ते विसरायची तिने कधी सवलत घेतली नव्हती, फक्त ते रास्त होतं असं समजत आली होती. ‘असेल म्हणजे काय? स्वतःचं पोर नाही ना, म्हणून हात सुटतो.’ छोटीला मूल होत नव्हतं. त्यासाठी ती कुठेकुठे जात होती, काय काय सोसत होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पिशवी चुरचुरली होती. त्यानंतर छोटी या घराची पायरी चढली नाही. गोटूला वाढदिवसाला फोन करायची, तोही त्याच्याच नंबरवर.

“नंतर तरी सांगायचं,” ती म्हणाली.

“सांगणार होतो. छोटीच म्हणाली, वहिनीला सावरू दे आधी. मग लोकांना सांगता सांगता उडीही तुझीच झाली, आणि तू सावरलीस. चांगलीच सावरलीस. क्लिनिकमध्ये तो म्हातारा कोसळला, सगळे बघत राहिले आणि तू धावलीस. डॉक्टर म्हणाले ना, बाई नसत्या तर म्हातारा गेला असता. मला वाटलं, आता हे काढून घ्यायचं म्हणजे.”

“आणि तुम्ही?”

“मी काय?”

“तुम्ही धावलात ना कॅमेरा फेकून. सगळ्यांना सांगता.”

त्याच्या चष्म्याखालून पाणी आलं, ते ऑपरेशनचं की कसलं कुणास ठाऊक. “मला वाटत होतं मी धावतोय,” तो म्हणाला. “खरं सांगतो. मला अजून पायांत आठवतं.”

तिला त्याची चीड आली, आणि त्या चिडीच्या पोटात ओळखीचं काहीतरी आलं. दोघं एका जातीचे. दोघांच्या पायांत न धावलेलं धावणं. “मग पुसून का नाही टाकलंत?” तिने विचारलं. “बदकं कशाला? खालचं काढून टाकायचं.”

“काढायला गेलो की छोटीचा आवाज लागायचा,” तो म्हणाला. “धीर झाला नाही.”

ती खुर्चीत येऊन बसली. खिडकीखाली कुणीतरी गाडी धूत होतं, नळीचं पाणी पत्र्यावर आपटत होतं, आणि तिला उठून ती नळी बंद करावीशी वाटली. खाली जाऊन त्या माणसाच्या हातातून. तिला सगळं पुसून टाकावंसंही वाटलं. एक बोट. डोळा नाही, कर्णा नाही, तिसरं बटण. गोटू सोमवारी जाईल, आई म्हणजे ती पाण्यातली बाई एवढं बरोबर घेऊन जाईल, आणि परमुलखात एखाद्या वाईट दिवशी त्याला तेवढं पुरेल. पोराला आईबद्दल एवढंसं असू नये का? पण ते एवढंसं छोटीचं होतं. उचलून आणलेलं, आणि छोटीच्या देखत. तिने फोन उचलला. तो नंबर तिच्या फोनमध्ये होता, कधी काढून टाकला नव्हता, कधी लावलाही नव्हता.

“वहिनी?” छोटी पहिल्याच घंटेनंतर म्हणाली. “गोटू बरा आहे ना?”

“बरा आहे. रविवारी ये. फिल्म लावतोय.”

पलीकडे भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. “येते,” छोटी म्हणाली. मग थोड्या वेळाने, “तू बरी आहेस ना गं?”

“ये तू,” एवढंच तिला बोलता आलं. नंतर ती पडद्यासमोर बसून राहिली. वरची पट्टी, खालची पट्टी, गाणं, बोलणं. चित्र दाखवायची तिची छाती होईना. स्वतःचा तो हात माणसांनी भरलेल्या खोलीत भिंतीएवढा मोठा होऊन वर जाताना बघणं तिच्याने होणार नव्हतं. आणि बदकं तशीच सोडून द्यायलाही मन धजेना. संध्याकाळ होईपर्यंत तिने तीनचार वेळा डोळा उघडला आणि मिटला. नवऱ्याने आतून एकदाच विचारलं, “काय करतेयस?” ती म्हणाली, “जोडतेय.”

रविवारी घर भरलं. गोटूच्या मित्राने प्रोजेक्टर आणला, भिंतीवर पांढरी चादर ताणली, पडदे ओढून अंधार केला. छोटी वेळेवर आली, केस पांढरे झालेले, हातात खाऊचा पुडा. गोटूने तिला उचललीच. ती खाली सतरंजीवर मुलांच्या मागे जाऊन बसली, घरात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारखी, पाय पोटाशी घेऊन. नवरा काळा चष्मा लावून खुर्चीत, पडद्याकडे कान करून. ती मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी. भिंतीवर सगळे हात हलवत होते, गेलेली माणसं, वाढलेली माणसं. मग तळं आलं, टोप्या आल्या. पोरं सरसावून बसली आणि बदकं आली. “आली, आली,” एकच गलका झाला. छोटीला हा विनोद माहीत नव्हता. ती इकडेतिकडे बघत सगळ्यांबरोबर हसली.

गाणं लागलं नाही. बदकं मुकाट पोहत राहिली आणि वारा ऐकू आला. “मशीन बिघडलं वाटतं,” कुणीतरी म्हणालं. मग वाऱ्यातून नवऱ्याचा तरुण आवाज, “अगं इकडे बघ, हात कर की,” आणि पाण्यात काहीतरी पडलं. तीन पांढरी बदकं, मागे तपकिरी. पिशव्या. पाणी. “धरलाय. धरलाय मी. वहिनी, तू तिथेच थांब, धरलाय मी त्याला.” पोरगं खोकलं, रडलं. मग उभ्या माणसाचा तो श्वास, लांबच लांब. नवऱ्याची मान खाली गेली. गोटू ज्या रडण्याकडे कान लावून बसला होता ते त्याचं स्वतःचं होतं हे त्याला जरा उशिराच कळलं असावं. त्याने आधी आत्याकडे बघितलं, मग वळून दाराकडे, आईकडे.

“केवढा कोवळा आवाज होता गं माझा,” छोटी म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

दारापासून सतरंजीपर्यंत चार पावलांची वाट, आणि मध्ये प्रोजेक्टरचा झोत. तिचे पाय हलेनात. हे तिला लख्ख कळलं, की असंच झालं होतं, अगदी हेच, फरशी तळव्यांना अशीच धरून बसली होती. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने चौकट सोडली. एक पाय उचलला, मग दुसरा, आणि ती झोतात शिरली. बदकं तिच्या साडीवरून, हातांवरून पोहत गेली आणि भिंतीवर तिची मोठी काळी सावली पडली. कुणीतरी लहान पोर म्हणालं, “काकू, दिसत नाही.” ती वाकली, छोटीजवळ खाली बसली. तिला काही बोलायचं होतं, पण छोटीने तिच्याकडे न बघताच बाजूला सरकून जागा केली.